बटणाच्या गाडीचा मिस्त्री

नवा जिल्हा झाला तेव्हा लातुरात पेढे वाटले गेले, आणि ग्यानोबा सोनकांबळे मिस्त्री वाटणीत गेला. भावाभावांच्या वाटणीत बैल जातो, कढई जाते, तसाच गेला. एका जिल्ह्याचे दोन करायचे म्हटल्यावर कचेरीतल्या खुर्च्या, कपाटं, पंखे, गाड्या, सगळ्यांचे दोन ढीग पडले. कुठल्या खात्याची कचेरी ते सांगत बसत नाही. सरकारी भिंती सगळीकडे सारख्याच पिवळ्या असतात. नव्या जिल्ह्याच्या ढिगात एक वीस वर्षांची अमेरिकन गाडी आली. प्लिमथ व्हॅलियंट, सहा सिलिंडरची, स्टिअरिंग डाव्या हाताला. यादी करायला हेडक्लार्क वसंतराव बसले होते. त्यांनी गाडी लिहिली, तिच्याखाली स्टेपनी लिहिली, जॅक लिहिला, आणि त्याच ओघात खाली मिस्त्रीही लिहून टाकला.

वसंतरावांना तरी दोष कसा द्यावा? ती गाडी ग्यानोबाशिवाय दुसऱ्या कुणाला दादच देत नव्हती. तिला गिअरचा दांडा नव्हता. स्टिअरिंगशेजारी रेडिओला असतात तशी बटणं होती. एक दाबलं की गाडी पुढे, दुसरं दाबलं की मागे. खेड्यापाड्यांत तिला बटणाची गाडी म्हणत. दुसरा ड्रायव्हर बसवला की त्याचा पाय उगाच क्लच शोधत राहायचा, आणि डावीकडून समोरचा ट्रक दिसायचा नाही म्हणून तो बैलगाडीच्या मागे मागे मैलभर रांगत जायचा. ग्यानोबा तिला चालवायचाही आणि दुरुस्तही करायचा. पगार मात्र एकाच कामाचा.

पण ग्यानोबाला लातुरात यायचंच नव्हतं. त्याला नांदेडला जायचं होतं. त्याची बायको सरजाबाई नांदेडात मुलींच्या वसतिगृहावर स्वयंपाकाला होती. पक्की नोकरी, आणि सोनकांबळ्यांच्या घरातल्या बाईला मिळालेली पहिली. ती सोडण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगी पंचशीला आईजवळ राहून शाळेत जायची. जुन्या ठिकाणी असतानाच ग्यानोबानं नांदेडची बदली मागितली होती, ती होतही आली होती, तेवढ्यात जिल्हा फुटला. नव्या साहेबांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की गाडी चालू आहे तोवर तुला सोडता येत नाही. दुसरा मिस्त्री तयार कर आणि खुशाल जा. दोन जण येऊन गेले. एकानं तिच्या गिअरबॉक्समध्ये ट्रकचं जाड तेल ओतलं. दुसऱ्यानं थंड इंजिनावर टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्हची फट बसवली, आणि दोन व्हॉल्व्ह जाळले. दोघंही पुन्हा शेडकडे फिरकले नाहीत, आणि ग्यानोबा तिथंच राहिला.

सरजाबाई सुट्टीत एसटीनं यायची. कचेरीमागच्या खोलीत चूल पेटवायची, भाकरी करायची, आणि ग्यानोबा गाडीखाली आडवा पडलेला असायचा. बाई तोंडाची फटकळ होती, आणि तिच्या जागी कुणीही झालं असतं. एकदा तिनं भाकरी थापता थापता खालच्या आवाजात विचारलं, "तुमचं लगीन कुणासंगं झालंय, ते एकदा सांगा. म्हंजी मी येऊन राहिले ती कशाला, ते तरी कळंल."

ग्यानोबा गाडीखाली पाना फिरवत राहिला. उत्तर लांबलचक होतं, आणि ते पार हैदराबादेपासून सुरू होत होतं.

ग्यानोबा मूळचा मुखेडकडचा. छप्पन साली बापानं घरातले देव ओढ्याला सोडले, आणि त्याच हिवाळ्यात पोरानं गाव सोडलं. गावकीची जुनी कामं आता घरात कुणी करणार नव्हतं आणि दुसरी कामं गावात कुणी देणार नव्हतं. हैदराबादेत चाँदपाशा उस्तादाच्या गॅरेजात तो हाताखाली राहिला. नवाबी बुडाली होती, पण नवाबांच्या गाड्या अजून धापा टाकत होत्या. पुढे त्या लांबलचक आठ सिलिंडरच्या गाड्यांना पेट्रोल पाजणं परवडेना, तेव्हा त्यांच्या जागी सहा सिलिंडरच्या आल्या: रॅम्बलर, फाल्कन, व्हॅलियंट. अमेरिकेत म्हणे ह्यांना छोट्या गाड्या म्हणतात. मुखेडच्या बाजारात एक उभी केली तर तीन पालं झाकली जातील.

चाँदपाशाची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. पाना हातात द्यायच्या आधी तो पोराच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा आणि चालू गाडीपुढे बसवायचा. कुठलं सिलिंडर कुरकुरतंय ते आधी ऐकून सांग, मग बॉनेट उघड. व्हॅलियंटचं इंजिन उभं नसतं. भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं ते एका अंगाला कललेलं असतं. तिचे टॅपेट लावायचे ते इंजिन गरम असताना, चालू असताना. तेव्हा उकळत्या तेलाचे थेंब मनगटावर उडतात. ग्यानोबाच्या दोन्ही मनगटांवर ते ठिपके कायमचे राहिले होते, आणि तो ते लोकांना अभिमानानं दाखवायचा. आपल्याकडे गोंदवून घेतात तसा त्याचा थाट.

कुठल्याशा वकिलातीनं विकलेली एक व्हॅलियंट मुंबई, औरंगाबाद करत मराठवाड्यातल्या ह्या खात्यात आली आणि दुसऱ्याच आठवड्यात बंद पडली. ती चालू करून दिली म्हणून ग्यानोबाला सरकारी नोकरी लागली. नोकरी लागली म्हणून सरजाबाईच्या बापानं मुलगी दिली. तेव्हा लग्न कुणाशी झालं, ह्या प्रश्नात बाईला वाटत होतं त्यापेक्षा जास्त तथ्य होतं.

आणि बहात्तरचा दुष्काळ होता. त्या वर्षी साहेब रोज रोजगार हमीच्या कामांवर जायचे, खडी फोडणारी माणसं मोजायला. गाडीचा रेडिएटर तेव्हापासूनच गळका. ग्यानोबा त्यात हळद टाकायचा, तिनं भोक चार दिवस बुजायचं, पुन्हा सुरू. डिकीत पाण्याचा मोठा डबा कायम असायचा. गावात गाडी थांबली की लोक धावत वरच्या आळीच्या विहिरीवरून गाडीसाठी पाणी आणायचे. साहेबाची गाडी, तिला नको कोण म्हणणार? पण ग्यानोबानं स्वतःसाठी मागितलं की आधी आडनाव विचारायचे, आणि मग ओंजळीत वरून धार धरायचे. दोनतीनदा असं झालं, आणि मग त्यानं मागणंच सोडून दिलं. गाडीच्या नावानं आलेल्या डब्यातलं पाणी तो प्यायचा. त्याला ह्या गोष्टीची चीड होती, मरेपर्यंत राहिली असती अशी चीड. आणि तरी त्या उन्हाळ्यात आपल्याला ह्या लोखंडानं पाणी पाजलं, हेही तो विसरू शकत नव्हता.

तर असा हा माणूस वाटणीत लातूरला आला आणि अडकला. पहिली दोन वर्षं त्यानं उमेद धरली. मग त्याला कळलं की आपण गाडी जितकी नीट ठेवू तितकी ती चालणार, आणि ती चालणार तितके आपण इथं राहणार. आपल्याच हातानं आपण रोज सकाळी आपल्या पायातली बेडी घासूनपुसून लख्ख करतो, असं तो वसंतरावांना म्हणाला. वसंतराव हसले, आणि मग हसल्याचं त्यांना बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी त्या दिवशी चहा सांगितला.

खंडेनवमीला तर कहर व्हायचा. सगळी कचेरी गाडीला हार घालायची, कुंकवाचे पट्टे ओढायची, बॉनेटवर नारळ फोडायची. ग्यानोबा पूजेत नसायचा. तो लांब उभा राहून पोचा कुठं पडतोय तेवढं बघायचा. मग दिवाळीच्या सुट्टीत तो पोचा ठोकून काढायचा. सरजाबाई नांदेडात वाट बघत असायची.

पंचशीला दहावी पास झाली तेव्हा तो निकालानंतर आठवड्यानं पोचला. मंत्र्यांचा दौरा होता. मुलीनं दार उघडलं, पाया पडली आणि खुर्ची ओढून दिली. तांब्याभांडं आणून पुढं ठेवलं. मग एका बाजूला उभी राहून तिनं विचारलं, "बाबा, परत कधी निघायचंय तुम्हाला?" तिच्या मनात काहीच नव्हतं. लांबच्या पाहुण्याला आपण विचारतो, तसं तिनं अदबीनं विचारलं. ग्यानोबानं हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं. चुलत्याला करावं तसं पोरगी आपलं आदरातिथ्य करते आहे, हे त्याच्या काळजाला लागलं. परतीच्या एसटीत लोहा जायच्या आधीच त्यानं मनाशी ठरवलं की गाडी मारायची.

मारणं अवघड नव्हतं. पुन्हा ओळीनं दोन पावसाळे कोरडे गेले होते, आणि साहेबांचे दौरे पुन्हा सुरू झाले होते. गळका रेडिएटर होताच. एकदा पाणी घालायचं नाही, एवढंच. पण ठरवणं वेगळं आणि हात आखडणं वेगळं. दोनतीन दौऱ्यांत इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर चढायला लागला की ग्यानोबाचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा आणि तो मुकाट्यानं उतरून डबा काढायचा.

मग एकदा जळकोटच्या बाजूला गेले. माघारी येताना उदगीरच्या अलीकडे एका वस्तीवर गाडी थांबली. हापशावर घागरींची रांग होती आणि हापसा नुसता खडखडत होता. ग्यानोबानं रेडिएटरसाठी डिकीतून डबा काढला तेव्हा रांगेतली एक म्हातारी जवळ आली. बसम्मा तिचं नाव. बोलण्यात निम्मं कानडी. मागितलं तिनं काही नाही, नुसती डब्याकडे बघत उभी राहिली. तिच्या कडेवर नातवंड होतं, आणि त्याचे ओठ फुटले होते.

ग्यानोबानं डबा उचलला आणि तिच्या घागरीत ओतायला लागला. अर्धा ओतल्यावर बसम्माच म्हणाली, "बस की आता. गाडीला लागंल की ओ."

"गाडीत हाय पाणी," ग्यानोबा म्हणाला, आणि डबा पालथा केला.

बायकांनी त्याला तोंड भरून आशीर्वाद दिले. मागच्या सीटवरून साहेबही शाबास म्हणाले. चांगलं काम वाईट हेतूनं केलं तर ते कुठं जमा होतं कोण जाणे. ग्यानोबाला एवढंच ठाऊक होतं की तो म्हातारीकडे बघू शकला नाही. नळेगावच्या अलीकडे टॅपेट खडखडायला लागले. गरम रंगाचा वास आला. साहेब झोपले होते. ग्यानोबानं पाय तसाच दाबून धरला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सहाच्या सहा सिलिंडरांचा आवाज त्याला वेगवेगळा ऐकू येत होता, पहिल्यांदा तिसरं गेलं, मग चौथं, मग एक हिसका बसला आणि सगळं बंद झालं. साहेबांनी जागे होऊन काय झालं म्हणून विचारलं. दुष्काळात पाणी माणसाला दिलं, आता गाडीला उरलं नाही, एवढं खरं त्यानं सांगितलं. ह्यावर कुणी काय बोलणार?

कचेरीला नवी जीप आली. जीपबरोबर तरणा ड्रायव्हर आला. ग्यानोबानं ट्रंक भरली, सरजाबाईला निरोप धाडला आणि वसंतरावांपुढे जाऊन उभा राहिला. वसंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की ते वाईट बातमी सांगत. गाडीचा चार्ज ग्यानोबाच्या नावावर होता. चालू गाडीचा चार्ज कुणीही घेतं. बंद गाडीचा कोण घेणार? उद्या बॅटरी चोरीला गेली, काच फुटली, तर जबाबदार कोण? ड्रायव्हरनं साफ नकार दिला, स्टोअरवाल्यानं नकार दिला, शिपायानंही दिला. गाडी निकामी ठरवायला औरंगाबादेहून तपासणीचे साहेब यावे लागतात. ते आले, त्यांनी निकामी म्हटलं, लिलाव झाला, घेणाऱ्याच्या दारात गाडी पोचली, की मग चार्ज सुटला. तोवर मिस्त्रीनं गाडीपाशी बसायचं.

"कवर?" ग्यानोबानं विचारलं.

वसंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. भरलेली ट्रंक पुन्हा उघडावी लागली हे सरजाबाईनं ऐकलं आणि ती आपल्या चुलीकडे वळली. तिनं चार फटकळ शब्द सुनावले असते तर ग्यानोबाला बरं वाटलं असतं.

आता तो रोज सकाळी शेडमध्ये येऊन बसू लागला. जिवंत गाडीला काम असतं. मेलेल्या गाडीपाशी नुसतं बसायचं. समोर ती धुळीनं पांढरी झालेली, एका चाकातली हवा गेलेली, आणि तिला आपण मारलं हे माहीत असलेला जगात एकच माणूस, तोही इथंच कोंडलेला. त्याला झोप लागेना. चहाच्या वेळी वसंतराव येऊन बसत, आणि ग्यानोबा त्यांना हैदराबादच्या गोष्टी सांगे. एका नवाबाच्या रॅम्बलरमध्ये कोंबडी अंडी घालायची ते. फाल्कनचा हॉर्न बसून राहिला आणि तो वाजत वाजत अख्खा चारमिनार पार करावा लागला ते. वसंतराव पोट धरून हसत. गोष्ट संपली की दोघंही गाडीकडे बघत, आणि मग वसंतराव उठून जात.

एका दुपारी त्यानं सहज सहा प्लग काढले आणि सिलिंडरांत घासलेट आणि तेल मिसळून ओतलं. करायचं काही नव्हतं. हाताला नुसतं बसवत नाही म्हणून ओतलं. रोज थोडं थोडं ओतत राहिला. पावसाळ्याच्या तोंडाला पान्यानं क्रँक हलवून बघितला, आणि तो हलला; जाम झालेले पिस्टन सुटले होते. मग त्याच्या अंगात वारंच शिरलं. भंगारातल्या फार्गो ट्रकच्या पिस्टनच्या रिंगा आणून त्यानं कानशीनं घासून बसत्या केल्या. हेडचं गॅसकेट मिळेना, तेव्हा गंजगोलाईजवळच्या एका तांबटाकडून जुन्या घंगाळाचा पत्रा ठोकून घेतला आणि त्याची भोकं स्वतः कापली. रेडिएटर डाग देऊन घेतला. कशासाठी करतो आहे, हे त्यानं स्वतःला विचारलंच नाही. विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं.

एकदा मोठ्या सभेसाठी सगळी कचेरी मैदानावर गेली. ग्यानोबानं मागे उभ्या राहिलेल्या जीपची बॅटरी लावली, तो डावीकडे बसला, बटण दाबलं, चावी फिरवली. गाडी खोकली, आणि लागली. सहाच्या सहा. तो डोळे मिटून ऐकत बसला. तिसरं थोडं कुरकुरत होतं, ते गरम झाल्यावर नीट झालं. आयुष्यात इतका आनंद त्याला क्वचित झाला असेल, आणि दोन मिनिटांत त्या आनंदानंच त्याला घाम फुटला. हे कुणी ऐकलं तर? चालू गाडी म्हणजे चालू चार्ज. त्यानं झटकन चावी फिरवली. शेडच्या तोंडाशी वसंतराव उभे होते. पोट बिघडलं म्हणून ते सभेला गेले नव्हते. त्यांनी गाडीकडे बघितलं, ग्यानोबाकडे बघितलं.

"मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

तपासणीचे साहेब अखेर आले ते ऐन उन्हाळ्यात. माणूस भला होता, आणि तिथंच घोळ झाला. गाडी बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या मामाकडे अशीच होती म्हणे, लहानपणी ते तिच्या बटणांशी खेळले होते. त्यांनी धुळीवरून हात फिरवला आणि ग्यानोबाला आपुलकीनं सांगितलं की गाडी निकामी ठरली तर भंगारात जाईल, घणानं फोडतील. पण थोडीशी जरी चालत असेल तर आपण तिला औरंगाबादच्या मुख्य कचेरीत नेऊन जपून ठेवू. तिच्याबरोबर मिस्त्रीही हवाच, तेव्हा तुम्हीही चला. मग त्यांनी विचारलं, "खरं सांगा मिस्त्री, जीव आहे का हिच्यात?"

वसंतराव शेडच्या पत्र्याकडे बघत राहिले.

ग्यानोबानं बॉनेटवर हात ठेवला. घण त्याला दिसत होते. औरंगाबादही दिसत होतं, नांदेडपासून लातूरपेक्षाही लांब, आणि तिथली शेड, आणि शेडमध्ये तो. यंत्राच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. बसम्माशी बोलला होता तेवढंच.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "मेली ती. लई दिवस झाले."

साहेबांनी निःश्वास टाकला आणि सही केली.

लिलावात गाडी नांदेडच्या एका भंगारवाल्यानं घेतली. बदलीचा हुकूम ग्यानोबाच्या खिशात आला, पण गाडी भंगारवाल्याच्या आवारात पोचती झाल्यावरच तो लागू होणार होता. ट्रकच्या मागे दोर बांधून न्यायची, तर स्टिअरिंगवर माणूस हवा. अर्थात मिस्त्री. निघताना वसंतराव खिडकीशी वाकले आणि हळूच म्हणाले की रस्त्यात हिनं नुसता हुंकार जरी दिला तरी लिलाव रद्द, गाडी परत आणि तूही परत. चावी खिशातच राहू दे. मग त्यांनी ग्यानोबाच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ठेवला.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं. दोर ताणला जायचा, सैल पडायचा. ग्यानोबा एनचं, म्हणजे न्यूट्रलचं बटण दाबून, स्टिअरिंग धरून बसला होता. चढाला ट्रक कण्हायचा, आणि त्याला वाटायचं, आपण उतरून त्या ट्रकवाल्याला सांगावं, बाबा, दोर सोड, तुझा ट्रकच आम्ही ओढून नेतो. गाडीची स्वतःची बॅटरी त्यानं कधीच गुपचूप भरून बसवली होती, आणि चावी मांडीला टोचत होती. तो रस्त्याकडे बघत राहिला.

भंगारवाल्याचं आवार नांदेडच्या अलीकडच्या टोकाला, रस्त्यापासून जरा चढावर होतं. फाटक अरुंद, ट्रक आत जाईना. दोर सोडला. आतून हमाल आले आणि गाडी ढकलायला लागले. सरजाबाई फाटकाशी उभी होती. निरोप मिळाला तशी ती सकाळपासून येऊन थांबली होती. ती ग्यानोबाकडे बघून हसली. लग्नानंतर आजवर अशी मोकळी हसताना त्यानं तिला फार वेळा पाहिलं नव्हतं.

गाडी निम्मा चढ गेली आणि थांबली. हमालांनी पुन्हा जोर लावला, ती पुन्हा खाली आली. भंगारवाला ओरडायला लागला. ग्यानोबानं आरशात बघितलं तर सरजाबाई पदर खोचून हमालांच्या मध्ये शिरली होती आणि डिकीला खांदा लावून ढकलत होती. वसतिगृहाची पातेली उचलून उचलून झिजलेला तो खांदा. तिचा पाय मुरमावरून घसरला, ती गुडघ्यावर पडली, उठली, पुन्हा खांदा लावला. नवऱ्याला सोडवून न्यायला आली होती बाई. आता ती कशाला मागं सरते?

ग्यानोबाचा हात खिशात गेला. चावी बोटांत आली. एक बटण, एक चावी, आणि गाडी त्या सगळ्यांना मागे टाकून सरळ चढून गेली असती. त्यानं चावी घट्ट धरली. मग ती खिशातच सोडून दिली आणि दार उघडून तो खाली उतरला.

"सरजे, इकडं ये," तो म्हणाला. "तू बस आत."

ती गडबडली. सरकारी गाडीत बसायचं नाही, हे तिला इतकी वर्षं पाठ होतं. त्यानं तिला हाताला धरून सीटवर बसवलं, तिचे दोन्ही हात चाकावर ठेवले आणि सरळ धर, बाकी कशाला हात लावू नकोस, असं सांगितलं. मग तो मागे गेला, जिथं तिचा खांदा होता तिथं त्यानं आपला लावला आणि डोळे मिटून जोर केला. पत्रा उन्हानं तापला होता. गाडी हलली. चढ चढली, फाटकातून आत गेली आणि चेपलेल्या ड्रमांच्या ढिगाशी थांबली. भंगारवाल्यानं पोचती झाली म्हणून सही दिली. एका हमालानं घण आणून टायरशी टेकवला.

ग्यानोबा धापा टाकत पुढं आला. सरजाबाई अजून चाक धरून बसली होती. काचेतून सगळं आवार बघत होती, आणि तिला ती सीट आवडली असावी, कारण ती जरा रेलून बसली होती. तिनं बोटानं त्या बटणांवरची धूळ पुसली.

"ही कशाची ओ?" तिनं विचारलं.

"कशाची न्हाई," ग्यानोबा म्हणाला. "उतर."